दव, कापूस आणि वही

भादवा सरतो. उत्तरा नक्षत्र मागे पडते आणि सप्टेंबरच्या २७ तारखेच्या सुमारास हस्त लागतो. हस्तामागून चित्रा, चित्रामागून स्वाती. पाऊस परतीच्या वाटेला लागतो. आभाळ धुतल्यासारखे निळे होते. दिवसा ऊन चटका देते आणि पहाटे अंगावर गोधडी ओढावी लागते. हा शरद ऋतू. अश्विन आणि कार्तिक हे त्याचे दोन महिने.

वर्षभर जे पेरले, निंदले, डवरले, ते या दोन महिन्यांत हाती येऊ लागते. आणि हाती आलेले निसटून जाते, तेही बहुधा याच दिवसांत. म्हणून या दिवसांत कोणते काम केव्हा करावे, ते तसेच का करावे, आणि त्याचा हिशेब कसा ठेवावा, हे आपण या पाठात पाहू.

चार एकराचे घर

समजा, तिवस्याच्या शिवारात एका घराचे चार एकर वावर आहे. तिवसा तालुका अमरावती जिल्ह्याच्या पूर्व बाजूला आहे. पुढे वर्धा नदी लागते, आणि नदीपलीकडे वर्धा जिल्हा. अमरावतीहून नागपूरला जाणारा हमरस्ता तिवस्यावरून जातो. इथली जमीन काळी, ओल धरून ठेवणारी. काही गावांना ऊर्ध्व वर्धा धरणाच्या कालव्याचे पाणी मिळते. पण पुष्कळ वावरे अजून कोरडवाहू आहेत, म्हणजे नुसत्या पावसावर पिकणारी आहेत. आपले हे चार एकरही आपण कोरडवाहूच धरू.

या घरची दोन एकर कपाशी आहे. कपाशीत मधून मधून तुरीची तासे आहेत. दीड एकर सोयाबीन आहे. उरलेल्या अर्ध्या एकरात ज्वारी आणि थोडा भाजीपाला. घरात आजी, तिचा मुलगा, सून, एक नात आणि एक नातू. कोठ्यात बैलजोडी, एक गाय आणि तिची कालवड.

अश्विन लागतो तेव्हा सोयाबीन पिवळे पडून पाने गाळू लागते. ज्वारीचे कणीस भरते. पऱ्हाटीची खालची बोंडे पिकू लागतात. पुढे तुरीला फूल येते. सोयाबीन निघाले, की जमिनीत ओल आहे तोवर तिथेच हरभरा पेरायचा असतो. सगळी कामे एकदम अंगावर येतात. माणसे मात्र तेवढीच असतात.

आजी म्हणते, "बाप्पा, या दिवसात दोन हातानं भागत नाही, चार पायजेत."

आजीचे खरे आहे. पण हात चार करता येत नाहीत. कामांची वेळ मात्र नीट लावता येते. ती लावण्याआधी दवाची ओळख करून घेऊ.

दव कोठून येते?

पावसाळ्यात रात्री आभाळात ढग असतात. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडते. ढग ती अडवतात. गोधडी पांघरली म्हणजे अंगाची ऊब आतच राहते, तसे हे आहे. शरदात ढग नसतात. म्हणजे जमिनीवरची गोधडी निघून जाते. मग रात्री जमीन, गवत, पाने झपाट्याने गार होतात.

हवेत मात्र पावसाळ्याची ओल अजून असते. ही ओल वाफेच्या रूपात असल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. गार पानाला ती लागली की तिचे पाणी होते. थंडगार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून थेंब येतात, ते याच कारणाने. तांब्या गळत नसतो. ते पाणी हवेतले असते. दवाचेही तसेच. आभाळ निरभ्र असले आणि वारा पडलेला असला, तर त्या रात्री दव जास्त येते.

आता कापसाकडे पाहा. अंघोळ झाली की आपण सुती पंचाने अंग पुसतो. पंचा पाणी ओढून घेतो, कारण कापसाचा धागा पाणी पिणारा आहे. फुटलेले बोंड म्हणजे झाडाला टांगलेला पंचाच. ते रात्रभर दव पिते. ऊन वर आले म्हणजे हळूहळू वाळते. सकाळचे नऊ-दहा वाजेपर्यंत ते बरेचसे कोरडे होते. थंडी वाढली, धुई पडली, तर आणखी उशीर लागतो.

म्हणून शरदात वावरातल्या दिवसाचे घड्याळ म्हणजे दव. दव असताना करायची कामे वेगळी, आणि दव वाळल्यावर करायची वेगळी. हे ज्या घराला साधले, त्याचे अर्धे काम हलके झाले.

दव वाळायच्या आधी

पहाटे उठल्यावर पहिले काम कोठ्याचे. शेण काढायचे, मूत साचू द्यायचे नाही, ढोरांना वैरण-पाणी द्यायचे, गायीची धार काढायची. शेण उकिरड्यावर नीट टाकावे, इकडेतिकडे पसरू नये. पुढच्या उन्हाळ्यात वावरात जाणारे खत तेच आहे.

धुऱ्यावरचे गवत या दिवसांत माजलेले असते. ते बी धरून वाळून जायच्या आत कापावे आणि उन्हात वाळवून रचून ठेवावे. उन्हाळ्यात वैरण महाग होते, तेव्हा हे गवत कामी येते. सोयाबीनचे कुटारही फेकू किंवा जाळू नये. ढोरे ते दुसऱ्या वैरणीत मिसळून खातात.

सोयाबीनची सोंगणीही सकाळीच करावी. शेंगा पिकून तपकिरी झाल्या, की त्या दुपारच्या उन्हात तडकतात आणि दाणे मातीत सांडतात. सकाळी दवाने शेंग थोडी नरम असते. विळा लागला तरी ती लवकर फुटत नाही. म्हणजे जे दव कापसाला नको, ते सोयाबीनच्या सोंगणीला उपयोगी पडते. मात्र सोंगलेले सोयाबीन ओले रचू नये. ते दोन-तीन दिवस उन्हात चांगले वाळू द्यावे, मग गंजी लावावी, आणि ताडपत्री हाताशी ठेवावी. हस्त आणि चित्राचा पाऊस सांगून येत नाही. ओल्या गंजीत शेंगांना बुरशी लागते, दाणा काळा पडतो, कधी कधी शेंगेतच कोंब येतो.

गंजीला हात घालताना आधी काठीने हलवून पाहा. उंदरांच्या मागे साप येतात. साप चावलाच तर मंत्र-तंत्रात वेळ घालवू नका. चावलेला भाग हलू न देता माणसाला तडक सरकारी दवाखान्यात न्या. त्यावरची लस तिथे मिळते.

पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी सोयाबीन वेगळे ठेवता येते. त्याची मळणी हळू फिरणाऱ्या यंत्रावर करावी, कारण सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते आणि आपटल्याने आतला कोंब मरतो. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे आणि काही दिवसांनी मोजावे. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणे पेरण्याजोगे आहे. एवढी मोजणी घरातली शाळेत जाणारी मुलगीही करू शकते.

बोंडातली अळी आणि डब्यावरचा त्रिकोण

सकाळीच पऱ्हाटीत एक फेरी मारावी. वावरातून निरनिराळ्या झाडांची २० हिरवी बोंडे तोडून फोडून पाहावी. दोन बोंडांत गुलाबी अळी सापडली, तर १०० बोंडांतल्या १० बोंडांत ती आहे असे समजावे. तेव्हा उपाय करायची वेळ आली. ही अळी बोंडाच्या आत राहते, म्हणून बाहेरून पीक चांगले दिसते आणि माणूस फसतो. २०१७ साली विदर्भात गुलाबी अळीने कापसाचे फार मोठे नुकसान केले.

त्याच २०१७ सालच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. हे विसरू नये. औषधाच्या डब्यावर एक रंगीत खूण असते. तांबडा रंग म्हणजे अतिशय जहाल विष. पिवळा त्याखालचा. निळा त्याहून सौम्य, आणि हिरवा सर्वांत सौम्य. पण विष ते विषच. डब्यावरचे वाचल्याशिवाय झाकण उघडू नका. दोन औषधे मनाने एकत्र करू नका. वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका. तोंडाला फडके, हातात मोजे आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असू द्या. घाम फार येतो, जीव घाबरा होतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, असे झाले तर काम तिथेच थांबवा आणि डबा बरोबर घेऊन दवाखान्यात जा. डबा पाहिला म्हणजे डॉक्टरांना विष कोणते ते कळते.

कापसाची वेचणी

दिवाळीच्या मागेपुढे पऱ्हाटी पांढरी दिसू लागते. वेचणीच्या पहिल्या दिवशी वऱ्हाडात सीतादही करतात. पऱ्हाटीची पूजा होते, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग वेचायला लागतात.

वेचणीचे काम मुख्यतः बाया करतात. कमरेला ओटी बांधायची आणि दोन्ही हातांनी वेचत तास धरून पुढे जायचे. दिवसभर वाकून कंबर भरून येते. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे सोलतात. आपल्या अंगावरच्या सुती कपड्याची सुरुवात या बोटांपासून होते.

वेचताना या गोष्टी सांभाळाव्यात.

पहिली गोष्ट. दव वाळल्यावरच वेचायला लागावे.

दुसरी गोष्ट. पूर्ण फुटलेले बोंडच वेचावे. अर्धवट फुटलेल्या बोंडातला कापूस ओला आणि कच्चा असतो.

तिसरी गोष्ट. आधी खालच्या फांद्यांवरचा कापूस वेचावा, मग वरचा. वरून सुरुवात केली तर वाळलेला पाला खालच्या फुटलेल्या कापसावर झडतो.

चौथी गोष्ट. किडका, डागाळलेला कापूस, ज्याला आपण कवडी म्हणतो, तो वेगळा ठेवावा. मूठभर कवडीने सगळ्या ढिगाचा भाव उतरतो.

पाचवी गोष्ट. कापूस सुती कपड्यात भरावा. प्लॅस्टिकच्या पोत्याचे धागे कापसात जातात आणि पुढे कापडात डाग होऊन निघतात. डोक्याला फडके बांधले म्हणजे केसही कापसात पडत नाहीत.

सहावी गोष्ट. पहिल्या वेच्याचा कापूस आणि शेवटच्या वेच्याचा कापूस एकत्र करू नये. पहिल्या दोन वेच्यांचा कापूस सरस असतो.

आता एक प्रश्न येतो. वेचणाऱ्या बाईला मजुरी किलोवर मिळते. ती म्हणेल, "दहा वाजेपावेतो थांबलं तर आमचं वजन कमी भरते, त्याचं काय?" तिचा प्रश्न रास्त आहे. सकाळचे दोन तास तिला रिकामे बसवले तर नुकसान तिचे होते. म्हणून सकाळी तिला रोजाने दुसरे काम द्यावे. गवत कापणे आहे, ज्वारीची कणसे खुडणे आहे, भाजी तोडणे आहे. आणि दव वाळले की वेचणीला लावावे. दुसरे काम नसेल तर कोरड्या कापसाला किलोमागे थोडा जास्त दर द्यावा. तो दर देऊनही घरधन्याला परवडते. कसे परवडते, ते आता आकड्यांनी पाहू.

ओलावा म्हणजे पैसा

आपण वेचतो तो कापूस सरकीसकट असतो. कारखान्यात सरकी आणि रुई वेगळी करतात. १०० किलो कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी. रुईची गाठ १७० किलोची बांधतात. म्हणजे एका गाठीला सुमारे ५ क्विंटल कापूस लागतो. क्विंटल म्हणजे १०० किलो.

ओला कापूस ढिगात तापतो, पिवळा पडतो, त्याची सरकी खराब होते, आणि यंत्रात धाग्याचे गोळे होतात. म्हणून घेणारा माणूस ओल्या कापसाला कमी भाव देतो. शिवाय पाण्याचे पैसे कोण देईल?

सरकार दर हंगामाला कापसाचा हमीभाव ठरवते. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता. या भावाने भारतीय कपास निगम खरेदी करते. तिला आपण सीसीआय म्हणतो. ही संस्था १९७० साली स्थापन झाली. हमीभावाच्या खरेदीत कापसात ८ टक्के ओलावा असला तर पूर्ण भाव मिळतो. त्याच्या वर दर टक्क्याला एक टक्का भाव कापतात. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर तो कापूस घेत नाहीत.

आता हिशेब करू. आपल्या घरचा १० क्विंटल कापूस झाला. ओलावा ८ टक्के निघाला, तर १० क्विंटलचे ८१,१०० रुपये होतात. ओलावा १२ टक्के निघाला, तर ४ टक्के भाव कापला जातो. क्विंटलमागे ३२४ रुपये ४० पैसे गेले. १० क्विंटलमागे ३,२४४ रुपये गेले. कपाशी तीच, कष्ट तेच, बी-खताचा खर्चही तोच. फक्त सकाळच्या दवाचे ३,२४४ रुपये झाले. याच पैशातून वेचणाऱ्या बाईला थोडा जास्त दर सहज देता येतो, आणि तरी घरात पैसे उरतात.

खाजगी व्यापाऱ्याकडे यंत्र नसले तरी तो ढिगात हात घालून ओल पाहतो आणि अंदाजाने भाव पाडतो. अंदाज नेहमी घेणाऱ्याच्या बाजूला झुकतो. आपला कापूस कोरडा असला म्हणजे त्याला बोलायला जागा राहत नाही.

म्हणून कापूस घरी आणल्यावर पातळ पसरून उन्हात वाळवावा. रात्री तो छताखाली घ्यावा. ढीग चुलीपासून आणि दिव्यापासून दूर असावा. ढिगाजवळ कोणालाही बिडी ओढू देऊ नये. एका ठिणगीने वर्षाची कमाई जळते.

दिवाळीची घाई

शरदात सण पुष्कळ येतात. भादव्याच्या पुनवेपासून पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात, ती कोजागिरीपर्यंत. अश्विन वद्य पंचमीला मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी असते. महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. त्या दिवसांत तिवस्याच्या रस्त्यावर माणसांची रीघ लागते. मग वसुबारस, दिवाळी. पाडव्याला गोवारी बांधव गायगोधनाचा सण करतात. कार्तिकात वर्धेच्या काठी कौंडण्यपूरची यात्रा भरते.

सण आला म्हणजे खर्च आला. पोरांना कपडे हवेत, लेक माहेरी यायची आहे, दुकानदाराची उधारी द्यायची आहे. हातात पैसा नसतो. म्हणून पहिल्या वेच्याचा कापूस ओला असतानाच विकला जातो. तेव्हा भावही पडलेला असतो, कारण सगळ्यांनाच घाई असते.

सण करू नये असे आम्ही म्हणत नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाने सणही करायचा नाही, तर कोणी करायचा? पण दिवाळीला किती रुपये लागतात ते आधी कागदावर मांडावे, आणि तेवढ्यापुरताच माल विकावा. समजा, ६,००० रुपये लागतात. तर तेवढ्याचे सोयाबीन विकावे, आणि कापूस वाळू द्यावा. सोयाबीन आधी तयार होते आणि त्याला घरात जागाही लागते. कापूस मात्र आठ-पंधरा दिवस ऊन खाल्ल्याने सुधारतो. एवढा धीर धरता आला तर सणही होतो आणि घरही राहते.

काटा वाचता आला पाहिजे

आमच्या रात्रीच्या वर्गात एक काकू येत. हंगामात त्या वेचणीला जात. पूर्वी वजनाचा हिशेब त्या दोरीला गाठी मारून ठेवत. आकडे शिकल्यावर त्यांनी एक छोटी वही केली. रोज दोनदा वजन होई. दोन्ही वजने त्या घरी येऊन लिहीत.

एके दिवशी काटा नुसताच टांगलेला होता. काकूंनी पाहिले, तर आकड्याच्या आधी एक आडवी रेघ दिसत होती, आणि पुढे ०.८. त्यांनी मालकाला विचारले, "भाऊ, हे आडवी रेघ कायची?"

मालकालाही लगेच सांगता येईना. मग दोघांनी मिळून शोध घेतला. काट्याला आधी जाड गोणपाट टांगून तो शून्यावर आणलेला होता. गोणपाटाचे वजन ८०० ग्रॅम. म्हणजे काटा प्रत्येक वजनातून ८०० ग्रॅम आपोआप वजा करीत होता. पण काकूंचा कापूस असायचा जुन्या धोतरात, आणि त्याचे वजन होते फक्त ३०० ग्रॅम. म्हणजे प्रत्येक वजनात त्यांचा ५०० ग्रॅम कापूस, अर्धा किलो, कमी भरत होता. लबाडी कोणीच केली नव्हती. पण नुकसान होतच होते.

काकूंनी वही काढली. ११ दिवस, दिवसाला २ वजने, म्हणजे २२ वजने. २२ वेळा अर्धा किलो म्हणजे ११ किलो. त्या वर्षी त्यांचा दर किलोला १० रुपये होता. ११० रुपये झाले. मालकाने ते तिथेच दिले, आणि तेव्हापासून काटा ज्याच्या त्याच्या कपड्यावर शून्य करू लागला. ११० रुपये फार नव्हेत. पण वही नसती तर काकूंना नुसती तक्रार करता आली असती. वहीमुळे त्यांना आकडा सांगता आला.

काटा वाचण्याच्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. माल टांगण्याआधी, फक्त कपडा टांगून, काट्यावर शून्य आहे ना ते पाहा. काट्यावर आकडे इंग्रजी असतात, तेही शिकून घ्या. दहाच तर खुणा आहेत. आणि टिंबाच्या पुढचा आकडा नीट वाचा. ३८.५ म्हणजे ३८ किलो ५०० ग्रॅम. ३८.०५ म्हणजे ३८ किलो ५० ग्रॅम. टिंबापुढे शून्य आले की ४५० ग्रॅमचा फरक पडतो.

जी गोष्ट वेचणाऱ्या बाईची, तीच बाजारात कास्तकाराची. वावरात तो मोजून घेतो, बाजारात मोजून देतो. बाजार समितीत माल विकल्यावर काटापट्टी आणि हिशेबपट्टी मागून घ्यावी. वजन, भाव, हमाली, मापाई आणि हाती आलेली रक्कम, एकेक ओळ वाचावी. वाचल्याशिवाय सही करू नये, अंगठा तर नाहीच नाही.

हमीभावाने विकायचे असेल तर आणखी थोडे वाचन लागते. सातबाऱ्यावर आपले पीक लिहिलेले असावे लागते. त्यासाठी मोबाइलवर ई-पीक पाहणी करतात. ही पद्धत राज्यात २०२१ साली सुरू झाली. २०२५ च्या हंगामात सीसीआयला कापूस विकण्यासाठी 'कपास किसान' या अ‍ॅपवर नावही नोंदवावे लागले. अशा नोंदणीच्या तारखा जाहीर होतात. त्या तारखा ज्याला वाचता येतात, तो वेळेत पोचतो.

सांजवेळ

दिवस मावळायच्या आधी वेचणी थांबवावी. सांजेला हवा गार होते आणि कापूस पुन्हा ओल ओढू लागतो. वेचलेला कापूस रात्रभर वावरात ठेवू नये. बंडीत घालून घरी आणावा.

रात्री जागल असते. रोही आणि रानडुकरे तूर, हरभरा आणि ज्वारीची नासाडी करतात. त्यांच्यासाठी कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे हा गुन्हा आहे, आणि त्याने माणसे मरतात. तो मार्ग कधीच धरू नये. दोघे-तिघे शेजारी मिळून पाळीपाळीने जागावे. म्हणजे एकाच माणसाची रोजची झोप मोडत नाही.

कापूस डिसेंबरअखेर संपवावा. पऱ्हाटी पाणी देऊन पुढे ठेवली, तर तिला फरदड म्हणतात. फरदडीत गुलाबी अळी टिकून राहते आणि पुढच्या वर्षी साऱ्या गावाला त्रास देते. वेळेवर उलंगवाडी करावी आणि पऱ्हाट्या उपटून काढाव्यात.

घरची वही

झोपायच्या आधी पाच मिनिटे वहीला द्यावीत. फार लिहायचे नाही. एका दिवसाची एक ओळ पुरे. नमुना असा:

१२ नोव्हेंबर. पहिला वेचा. वेचणाऱ्या बाया ३. कापूस ९४.५ किलो. दर १० रुपये. मजुरी ९४५ रुपये. दिली.

१३ नोव्हेंबर. घरच्यांनी वेचले. कापूस ४१ किलो. मजुरी नाही.

दुसरी ओळ मुद्दाम पाहा. घरच्या बाईने वेचलेला कापूसही वहीत लिहावा. तिला मजुरी दिली नाही, म्हणून तिचे काम फुकटचे ठरत नाही. बाहेरची बाई असती तर त्या ४१ किलोचे ४१० रुपये द्यावे लागले असते. तेवढी तिची कमाई आहे. हे वहीत दिसले म्हणजे घरातल्या सगळ्यांना दिसते.

बियाणे, खत, फवारा, मजुरी, बंडीचे भाडे, सगळे लिहीत जावे. हंगाम संपल्यावर एका बाजूला खर्च आणि दुसऱ्या बाजूला उत्पन्न मांडावे. मग कळते, की कपाशीने किती दिले आणि सोयाबीनने किती. पुढच्या वर्षी काय पेरावे, कर्ज किती काढावे, आणि किती काढू नये, हे ठरवायला हाच आधार. पाऊस आपल्या हातात नाही. बाजारभावही नाही. पण दव वाळेपर्यंत थांबणे, काटा वाचणे आणि एक ओळ लिहिणे, या तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. ज्याला हा पाठ वाचता आला, त्याला या तिन्ही करता येतील.

लिहून पाहा

१. आज तुमच्या घरी सकाळी दव केव्हा वाळले? वेळ लिहा.

२. एका बाईने सकाळी १७.५ किलो आणि दुपारी १९ किलो कापूस वेचला. दर किलोला १० रुपये. तिची मजुरी किती?

३. आजच्या दिवसाची एक ओळ तुमच्या वहीत लिहा आणि घरातल्या माणसांना वाचून दाखवा.